वाटीच्या काठावरचा तुकडा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात आले असेल की, हा गृहस्थ बोनस आणि महागाई भत्ता सोडून हाडांवर कशाला बोलतो? प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. कॉलेजची पायरीही मी चढलेलो नाही. तथापि जो माणूस युनियनच्या कचेरीत तीस वर्षे बसतो त्याच्या टेबलावर पगाराच्या चिठ्ठ्यांइतकेच एक्स-रेचे लखोटेही येऊन पडतात. त्या लखोट्यात काय आहे हे समजल्यावाचून समोरच्या माणसाची बाजू मांडता येत नाही. म्हणून मी पुस्तके उघडली, जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न विचारण्याचा आहे, आणि तो आपणा सर्वांना आहे.

विषय आकाराने फार लहान आहे. खुब्याच्या सांध्याच्या वाटीला जो काठ असतो, त्या काठावरचा हाडाचा एक सुटा तुकडा, आणि तो दुर्बिणीने काढण्याची किंवा बसवण्याची शस्त्रक्रिया, एवढाच. परंतु या लहानशा तुकड्यापाशी वैद्यक, यंत्रशास्त्र, कायदा आणि माणसाची भाकरी या चारही गोष्टी येऊन भेटतात, म्हणून तो निवडला.

प्रथम सांध्याची रचना पाहू. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. हा गोळा कमरेच्या हाडातल्या एका खोलगट वाटीत बसतो. आपण तिला वाटी म्हणतो. जुन्या रोमन लोकांनी तिला ‘अ‍ॅसिटॅब्युलम’ म्हटले, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जेवणाच्या मेजावरची सिरक्याची वाटी असा आहे. दोन दूरच्या देशांतल्या लोकांनी एकाच हाडाला स्वयंपाकघरातूनच नाव द्यावे, यात मौज आहे. ही वाटी जन्मतः एकसंध नसते. तीन हाडे एकत्र येऊन ती बनते. लहान मुलात त्यांच्यामध्ये इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची कूर्चा असते. काठावर हाड तयार होण्याची आणखी काही छोटी केंद्रे वाढत्या वयात दिसू लागतात, आणि साधारणपणे अठराव्या वर्षापर्यंत हे सारे सांधून एकजीव होते.

वाटीच्या काठाला सभोवार एक चिवट, लवचिक कड असते. डॉक्टर तिला ‘लेब्रम’ म्हणतात, म्हणजे ओठ. हिचे काम पंपाच्या वॉशरसारखे आहे. ती वाटी थोडी खोल करते, आतले वंगण आत धरून ठेवते आणि गोळ्याला शोषून धरते. कारखान्यात काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. वॉशर फाटला की पंप चालतो, पण पहिल्यासारखा ओढत नाही.

आता या सांध्यावर भार किती पडतो ते ऐका. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर येतो, कारण एका पायावर तोल सावरताना कुल्ल्याचे स्नायूही सांध्याला दाबून धरतात. म्हणजे ५५ किलो वजनाचा माणूस नुसता चालला तरी पावलोपावली त्याचा खुबा सुमारे १३५ ते १४० किलो पेलतो. डोक्यावर पोते असेल तर हिशेब आपण करा. हा सगळा भार वाटीच्या ज्या छपरावर येतो, त्याच्याच कडेला आपला तुकडा आहे.

हा तुकडा येतो कोठून? त्याच्या निरनिराळ्या वाटा आहेत, आणि त्या ओळखल्यावाचून उपचाराचा विचारच होऊ शकत नाही.

पहिली वाट जन्मापासूनची. काठावरच्या हाडाच्या त्या छोट्या केंद्रांपैकी एखादे शेवटपर्यंत सांधलेच नाही, तर तो मणी तसाच वेगळा राहतो. त्याला ‘ऑस अ‍ॅसिटॅब्युली’ म्हणतात. असा मणी असलेली पुष्कळ माणसे जन्मभर काही त्रास न होता जगतात. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये तो सहज दिसून येतो, इतकेच.

दुसरी वाट झिजेची किंवा शिणेची. लोखंडाची पट्टी एका जागी वारंवार वाकवली की कोणताही मोठा घाव न बसता ती तडकते. हाडाचेही तसेच होते. गोळा आणि काठ एकमेकांवर वर्षानुवर्षे आपटत राहिले की काठाला चीर पडते आणि तुकडा सुटतो.

तिसरी वाट अपघाताची. मोटारीत बसलेल्या माणसाचा गुडघा धडकेत समोरच्या फळीवर आदळला, की मांडीचे हाड मागे रेटले जाते, गोळा वाटीबाहेर उसळतो आणि जाता जाता मागचा काठ फोडतो. गोळा परत बसवला तरी काठाचे बारीक तुकडे कधी कधी सांध्यात अडकून राहतात. बेअरिंगमध्ये खडा अडकला तर काय होते हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक असेल.

यांतील दुसऱ्या वाटेचा विचार जरा विस्ताराने केला पाहिजे. बोस्टनचे शल्यविशारद स्मिथ-पीटरसन यांनी १९३६ सालीच लिहून ठेवले होते की, काही रुग्णांत मांडीच्या हाडाची मान वाटीच्या पुढच्या काठावर आपटते आणि दुखणे तेथून सुरू होते. पण या गोष्टीचे पूर्ण शास्त्र बसवले ते स्वित्झर्लंडमधील बर्न शहरच्या राइनहोल्ड गान्झ यांनी. गान्झ यांनी प्रथम उथळ वाट्यांवर काम केले. वाटी उथळ असेल तर छप्पर अपुरे पडते आणि सांधा लवकर झिजतो. म्हणून वाटीभोवतीचे हाड कापून, ती वळवून गोळ्यावर नीट झाकण करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९८४ पासून केली. पण पुढे असे दिसून आले की काही रुग्णांत झाकण जरा जास्त झाले आणि पाय वाकवताना मान त्या झाकणावर आपटू लागली. छप्पर कमी पडले तर घर गळते. ते फार खाली आले तर दारात शिरताना कपाळमोक्ष होतो. या निरीक्षणातून विचार पुढे गेला, आणि २००३ साली गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, हे आपटणेच पुष्कळांच्या खुब्याच्या संधिवाताचे मूळ आहे.

या आपटण्याचे दोन प्रकार त्यांनी सांगितले, आणि दोन्हींची नावे कारखान्यातली आहेत. एक ‘कॅम’. यंत्रात कॅम म्हणजे मध्यापासून एका बाजूला फुगलेले चाक. ते फिरले की फुगीर बाजू समोरच्या दांड्याला ढकलते. मागावर काम केलेल्यांना हे तत्त्व पाठ आहे. गोळा आणि मान यांच्या सांध्यावर हाडाचा फुगवटा असेल तर तो पाय वाकवताना असाच वाटीत घुसतो आणि काठ उचकटतो. दुसरा ‘पिन्सर’, म्हणजे पकड. यात वाटीचाच काठ पुढे आलेला असतो आणि तो मानेला चिमटीत धरतो. पुष्कळांत दोन्ही प्रकार थोडे थोडे असतात. म्हणजे डॉक्टरांनी शब्द फिटरकडून उसने घेतले आहेत, तेव्हा फिटरने हा विषय आपला नाही असे समजण्याचे कारण नाही.

आता त्या आतल्या जागेत डोकावण्याचा इतिहास सांगतो, कारण तो ऐकण्यासारखा आहे.

टोकियोमध्ये केन्जी ताकागी नावाचे शल्यविशारद होते. क्षयाने गुडघा आखडलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. जपानी माणूसही आपल्यासारखाच जमिनीवर बसणारा. युरोपात आखडलेल्या गुडघ्याने माणूस खुर्चीवर बसू शकतो. जपानात तो घरातल्या पंक्तीलाच मुकतो. रोग लवकर ओळखता यावा म्हणून ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याची नळी घेऊन ती एका मृतदेहाच्या गुडघ्यात घातली. त्याही आधी, १९१२ साली, डेन्मार्कचे नॉर्डेनटॉफ्ट यांनी बर्लिनच्या परिषदेत सांध्यात दुर्बीण घालण्याविषयी सांगितले होते. पण ताकागींची परंपरा पुढे चालली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी युद्धानंतर, १९५०च्या दशकात, एकामागून एक उपकरणे करून पाहिली आणि एकविसावे जमले. जगभर ते ‘क्रमांक २१’ याच नावाने गेले. १९६२ साली त्यांनी त्या दुर्बिणीतून पाहत गुडघ्यातली फाटलेली गादी कापून काढली. मला विशेष वाटते ते असे की, वातानाबे यांचे हे काम टोकियोच्या तेइशिन रुग्णालयात झाले, आणि ते रुग्णालय उभारले गेले होते टपाल-तार खात्यातल्या नोकरांसाठी. १९६४च्या ऑलिंपिकच्या वेळी कॅनडाच्या संघाबरोबर आलेले डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन त्यांच्याकडे शिकले आणि ती विद्या अमेरिका खंडात घेऊन गेले. डाक वाटणाऱ्यांच्या दवाखान्यातून ती सातासमुद्रापार पोचली!

प्रकाशाचा प्रश्न मोठा होता. ‘क्रमांक २१’च्या टोकाला इवलासा दिवा असे, आणि तो सांध्यातच फुटण्याची धास्ती असे. पुढे प्रकाश काचेच्या तंतूंतून बाहेरून आत नेता येऊ लागला. या शोधाचा पाया घालणारा एक महत्त्वाचा लेख १९५४ साली लंडनच्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी प्रसिद्ध केला. हे कपानी पंजाबातल्या मोग्याचे. आज जेथे जेथे सांध्यात दुर्बीण जाते तेथे तेथे या मुलखातल्या माणसाच्या बुद्धीचा थोडा उजेड पडतो, हे आपण लक्षात ठेवावे.

गुडघा वश झाला तरी खुबा वश होईना. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांवर प्रयोग करून सांगितले की, गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुई घालणे शक्य नाही. ते खरेच होते, कारण दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. उपाय निघाला तो पाय ताणण्याचा. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे जेम्स ग्लिक यांनी रुग्णाला कुशीवर निजवून, पाय ओढून धरून, मोठ्या मांड्यांच्या माणसांतही खुब्यात दुर्बीण घालण्याची रीत बसवली. इतरांनी तीच गोष्ट रुग्णाला उताणा ठेवून साधली.

आज ही शस्त्रक्रिया कशी होते? रुग्णाला भूल देतात. पाय एका विशेष टेबलाला बांधतात. पुष्कळ ठिकाणी दोन मांड्यांच्या मध्ये जाड गादी गुंडाळलेला खुंट असतो, त्याला अडवून पाय ओढतात, आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत गोळा वाटीपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर दूर करतात. करंगळीच्या रुंदीएवढी ती फट! तिच्यात, बाजूने केलेल्या दोन-तीन लहान छिद्रांतून, एकीकडून दुर्बीण आणि दुसरीकडून हत्यारे जातात. दुर्बिणीचे भिंग सरळ नसून ७० अंशांत तिरपे असते, म्हणजे कोपऱ्यापलीकडचे दिसावे. आतून मिठाचे पाणी वाहते ठेवतात, त्यामुळे सांधा फुगून राहतो आणि रक्त धुऊन निघते. ताण शक्यतो दोन तासांच्या आत सोडावा असा दंडक आहे. तो फार वेळ राहिला, तर खुंटाच्या दाबाने जांघेतल्या नसा दबून काही दिवस बधिरपणा येतो.

डॉक्टर प्रथम लेब्रम तपासतात, मग काठावरचा तुकडा शोधतात. तो हलतो की घट्ट आहे, त्याच्यावरची कूर्चा शाबूत आहे की नाही, हे सळईने दाबून पाहतात. आणि येथे शस्त्रक्रियेतला खरा निर्णय येतो. तुकडा काढायचा की ठेवायचा?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. सुटा तुकडा आहे, दुखतो आहे, काढून टाका. लहान तुकडा असेल आणि वाटीचे छप्पर त्याच्यावाचून पुरेसे असेल तर तसेच करतात. बारीक फिरत्या रंध्याने तो घासून काढतात आणि लेब्रम दोऱ्याच्या खिळ्यांनी परत काठाला शिवतात. परंतु तुकडा मोठा असेल तर वेगळा हिशेब करावा लागतो. स्वीडनचे वीबर्ग यांनी १९३९ साली वाटीचे छप्पर मोजण्याचा एक कोन सांगितला आहे. गोळ्याच्या मध्यापासून एक उभी रेघ आणि छपराच्या कडेपर्यंत दुसरी रेघ, या दोहोंमधला तो कोन. २५ अंशांच्या वर असेल तर छप्पर पुरेसे. २० च्या खाली असेल तर वाटी उथळ. आता हा कोन तुकडा धरून मोजावा आणि तुकडा वगळूनही मोजावा. वगळल्यावर तो फार खाली येत असेल, तर तो सुटा दिसणारा तुकडा प्रत्यक्षात भार पेलत होता असे समजावे. तो काढून टाकला तर गोळा अस्थिर होतो. शस्त्रक्रियेत काठ जास्त कापला गेल्याने पुढे खुबाच निखळला, अशा नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

अशा वेळी तुकडा जागच्या जागी बसवतात. आधी एक बारीक तार तुकड्यातून आरपार मूळ हाडात नेतात. तिच्यावरून पोकळ स्क्रू सरकवतात आणि आवळतात. कधी तुकड्याचा पुढे आलेला भाग घासून उरलेला स्क्रूने बसवतात. शिवाय आपटण्याचे मूळ जर गोळ्याच्या फुगवट्यात असेल तर तो फुगवटाही घासतात. नाहीतर स्क्रू बसवलेल्या काठावर तोच घाव पुन्हा पडत राहणार. आणि वाटी मुळातच उथळ असेल तर दुर्बिणीच्या कामाने भागत नाही. तेथे गान्झ यांची वाटी वळवण्याची मोठी शस्त्रक्रियाच विचारात घ्यावी लागते.

मित्रहो, मी जन्मभर नोकरकपातीच्या याद्या वाचीत आलो आहे. ‘हा माणूस जादा आहे’ असे कागदावर लिहिणे फार सोपे असते. तो गेल्यावर खाते का बंद पडले याचे उत्तर नंतर शोधावे लागते. म्हणून, काढण्याआधी हा तुकडा काय पेलतो आहे ते मोजा, हा शल्यशास्त्राचा नियम मला विशेष पटला.

आता एक सावधगिरीची गोष्ट. नवी युक्ती आली की तिच्यामागे जाहिरातही येते. चित्रात तुकडा दिसला, फुगवटा दिसला, की लगेच टेबलावर चढावे असे मुळीच नाही. २०१६ साली इंग्लंडात वॉरविक येथे निरनिराळ्या देशांचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ठरवले की हा आपटण्याचा विकार म्हणण्यास तीन गोष्टी एकत्र हव्यात: रुग्णाची तक्रार, डॉक्टरने हाताने पाय वाकवून-वळवून केलेली तपासणी, आणि चित्र. तीन साक्षी जुळल्या तरच निकाल. नुसत्या चित्रावर निकाल नाही. आणि चित्र काढण्याआधीच तक्रार खोटी ठरवणे, हाही निकाल नाही.

शस्त्रक्रियेने फायदा होतो का, याचीही नीट परीक्षा झाली आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पद्धतशीर व्यायाम. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, वर्षाअखेर दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट शंभर गुणांच्या मापावर सुमारे सात गुणांनी अधिक सुधारला. परंतु पहिल्या वर्षाचा खर्च पाहता शस्त्रक्रिया परवडणारी ठरली नाही. २०१९ साली २२२ रुग्णांची दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आठ महिन्यांनी रोजच्या हालचालींच्या मापावर शस्त्रक्रियेच्या बाजूने दहा गुणांचा फरक दिसला. या चाचण्या आपटण्याच्या विकाराच्या एकंदर आहेत. काठाच्या तुकड्याविषयीचा अनुभव थोड्या थोड्या रुग्णांच्या नोंदींतून आलेला आहे. तात्पर्य असे की शस्त्रक्रियेला अर्थ आहे, पण घाई करण्याजोगा नाही. आधी व्यायाम, कामात बदल, थोडा धीर. आणि त्यांनी भागले नाही तर जाणत्या हाताकडे जावे.

‘कामात बदल’ हे दोन शब्द लिहायला डॉक्टरला अर्धे मिनिट लागते. ते अमलात आणायला आम्हांला कधी कधी अर्धे वर्ष लागते. म्हणून आता माझ्या खात्याकडे वळतो.

हे दुखणे दिसत नाही. पाय सुजत नाही, रक्त येत नाही. दुखते जांघेत, खोल. विचारले तर माणूस अंगठा आणि बोटे यांचा कमान करून खुब्याला धरून दाखवतो. कधी ते मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरते आणि सारे लक्ष गुडघ्याकडे जाते; कधी कंबर धरली असे समजून महिनोन्‌महिने कमरेला शेक दिला जातो. सरळ उभे राहिले की बरे. उकिडवे बसले, खाली वाकून पाय आत वळवला, की कळ येते. आता आमच्याकडचे काम पाहा. यंत्राखाली उकिडवे बसणारा फिटर, फरशी घासणारी बाई, भात लावणारी मजूर, गवंड्याच्या हाताखालचा माणूस, हे सारे दिवसाचे तासन्‌तास त्याच बैठकीत असतात.

असाच एक फिटर आमच्या कचेरीत आला होता. वय पस्तिशीच्या आत. दवाखान्याने दोन वर्षे कमरेच्या गोळ्या दिल्या. एक्स-रे काढला तो कमरेचा. त्यात काही निघाले नाही, आणि कागदावर शेरा पडला की दोष आढळत नाही. मुकादमाच्या तोंडी त्याचे भाषांतर झाले: हा कामचुकार आहे. उभ्याच्या कामावर बदली मागितली ती नाकारली गेली. पुढे एका हाडांच्या डॉक्टरने पाय हातात धरून, वाकवून, आत वळवून पाहिला, खुब्याचे चित्र काढले, आणि काठाचा तुकडा सापडला. दोष तेव्हा उपजला नव्हता. तो दोन वर्षे तेथेच होता. त्याच्याकडे कोणी पाहिले नव्हते, एवढेच. ‘आढळत नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्याच्या हाती शेरा लिहिण्याची लेखणी आहे त्याने हा फरक विसरू नये.

कायद्याचीही येथे एक अडचण आहे. आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. त्याला एक परिशिष्ट होते. वेळोवेळी सुधारलेल्या त्या परिशिष्टात अवयवांचे जणू दरपत्रकच असे: अंगठा गेला तर ३० टक्के, खुब्यापासून पाय गेला तर ९० टक्के. कायद्याने त्या काळी मोठेच काम केले. त्याआधी गेलेल्या हाताला काहीच किंमत नव्हती. यादीत नसलेल्या इजेचे मोजमाप डॉक्टरने करावे अशी सोयही त्यात होती. पुढे कायद्यांची नावे आणि कलमे बदलली. पण त्या यादीने सर्वांच्या मनाला जी सवय लावली ती कलमांबरोबर बदलत नाही. तुटलेले मोजता येते. दुखणारे मोजताना सगळ्यांचाच हात आखडतो. पाय जागेवर आहे, माणूस चालत आला आहे, मग गेले काय? गेले ते उकिडवे बसणे, आणि ज्याची भाकरी उकिडवे बसण्यात आहे त्याचे सर्वच गेले. खुर्चीवर बसून टक्केवारी ठरवणाऱ्याला हे सहज सुचत नाही, म्हणून ते बोलून दाखवणारा कोणीतरी शेजारी उभा लागतो.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेनंतरची. छिद्रे दोन-तीन, टाके चार. लोकांना वाटते, आठ दिवसांत माणूस कामावर. मी साहेबांना नेहमी सांगतो, ऑपरेशन दुर्बिणीचे असले म्हणून सुट्टीही दुर्बिणीनेच दिसेल इतकी देऊ नका! कातडीवरचे भोक लहान आहे. आतले काम लहान नाही. हाड घासले आहे, लेब्रम शिवले आहे, स्क्रू बसवला असेल तर ते हाड जुळायचे आहे. दोन ते सहा आठवडे कुबड्या, स्क्रू असेल तर कधी अधिकही, मग व्यायाम, जड कामाला परत जायला काही महिने. या महिन्यांत घर कशावर चालणार, याचे उत्तर शस्त्रक्रियेआधी मिळाले पाहिजे. नाहीतर माणूस कुबडी लवकर टाकतो, ओझे लवकर उचलतो, आणि उत्तम शल्यविशारदाचे उत्तम काम फुकट जाते. स्क्रू हाड धरून ठेवील, पण पगार धरून ठेवायला कायदा आणि संघटना लागते.

माझे म्हणणे कोणा डॉक्टरांविरुद्ध नाही. ज्या लोकांनी सुई शिरणार नाही अशा जागेत दृष्टी नेली त्यांच्यापुढे माझे मस्तक नमते. मी एवढेच म्हणतो की, टोकियोत ही विद्या टपालवाल्यांच्या दवाखान्यात वाढली, तेव्हा ती आपल्याकडच्या टपालवाल्याला, फिटरला आणि फरशी घासणाऱ्या बाईला परकी वाटू नये. उद्या आपल्यापैकी कोणाच्या घरी असा लखोटा आला तर तीन प्रश्न विचारावेत. पहिला: तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्ही साक्षी जुळतात काय? दुसरा: व्यायामाला पुरेसा अवकाश दिला काय? तिसरा: तुकडा काढल्यावर वाटीचे छप्पर किती उरेल? जाणता डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, कागद घेऊन रेघा काढून दाखवतो. आणि चौथा प्रश्न डॉक्टरला नव्हे, आपण आपल्यालाच विचारायचा आहे. शेजारचा माणूस दुखते म्हणतो तेव्हा, चित्र येईपर्यंत तरी, आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो काय?